अण्णांच्या गाडीचा गंज

गणपतीच्या आदल्या दिवशी मी गाडी धूत होते. डाव्या बाजूच्या मागच्या दाराची खालची कड पुसताना फडकं अडकलं, म्हणून नखाने खरवडून पाहिलं, तर रुपयाएवढा रंगाचा पापुद्रा सुटून हातात आला. त्याखाली विटेच्या भुकटीसारखा लाल चुरा. वरून पाहिलं तर तिथे नुसता एक फोड होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. मग मी उकिडवी बसून गाडीच्या चारी बाजू बघितल्या. उजव्या मागच्या चाकावरच्या कमानीच्या कडेला रंग फुगला होता. बॉनेटच्या पुढच्या टोकाला, खडी उडून टवका गेला होता तिथे तांबूस ठिपका. एकूण तीन जागा. पडवीत मखराचं सामान मांडून ठेवलेलं होतं, पण त्या संध्याकाळी माझे हात मखर करत होते आणि डोकं दाराच्या कडेपाशी होतं.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. २००८ सालची चंदेरी वॅगनआर, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. ते गेल्यापासून मी चालवते. आमचं घर रत्नागिरीजवळ भाट्याला, सुरूबनापासून हाकेच्या अंतरावर. वाऱ्याची दिशा पश्चिमेची असली की खिडकीच्या काचेवर मीठ दिसतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इथे खिडकीचे गज, गेटच्या बिजागऱ्या, विहिरीचा रहाट, सगळ्यालाच गंज धरतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला मात्र या गाडीचं वाटलं.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. विद्युत-रसायनाचं प्रकरण आलं की दरवर्षी एक प्रयोग दाखवते. घासून लखलखीत केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात आधीच किंचित फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड घातलेलं असतं. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मधला भाग निळा. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी या थेंबाचा अभ्यास केला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखतात. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मधे कमी पोचतो. जिथे ऑक्सिजन कमी, तिथलं लोखंड विरघळतं. आणि तांबडा गंज त्या विरघळलेल्या जागी न बसता मधला भाग आणि कड यांच्यामध्ये कड्यासारखा साठतो. म्हणजे पत्रा खाल्ला जातो एकीकडे आणि डाग दिसतो दुसरीकडे. हे मी फळ्यावर कित्येकदा लिहिलं आहे. दाराच्या कडेवरचा पापुद्रा हातात आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की जिथे मला लाल दिसतंय तिथे खरं काही नसेलच. जे व्हायचं ते दुमडलेल्या पत्र्याच्या आत, अंधारात, कधीचं होऊन गेलं असेल.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या माणसाने बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "मॅडम, मेटल पेस्ट भरून रंग मारून देतो. ओळखू येणार नाही." रक्कमही फार नव्हती. पण चाकाच्या कमानीचं काम चार वर्षांपूर्वी अण्णांनी असंच कुठेतरी करून घेतलं होतं, हे मला आठवत होतं. घरी येऊन फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, त्यावर पातळ फडकं गुंडाळलं आणि कमानीवरून फिरवलं. वरच्या भागात चुंबक घट्ट चिकटत होतं. फुगलेल्या भागाशी आलं की हातातून सुटून खाली पडत होतं. तिथे पत्रा नव्हताच, नुसती पेस्ट होती, बोटभर रुंद आणि वीतभर लांब.

शेजारचे काका माझी ही चुंबकाची फेरी कुंपणापलीकडून बघत होते. ते तीस वर्षं बोटीवर होते, सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम म्हणून निवृत्त झाले. डेकवरची माणसं सफरीभर काय करतात हे कोकणात घरोघर माहीत असतं. चिपिंग आणि पेंटिंग. एका टोकाकडून गंज खरवडत जायचं, रंगवत यायचं, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा लाल झालेलं असतं. काका गेट उघडून आले, कमानीवर अंगठा दाबला, आणि म्हणाले, "बाय, हे खरवडायला घेशील तर मोठं होणार, हे आधी ठरव. तू घाबरून मधेच थांबलीस तर न केलेलं बरं."

मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत असायला हवी होती. "पहिलं गोडं पाणी. मीठ आत ठेवून रंग मारलास तर रंगाखाली गंज पुन्हा येणार."

हे रसायनाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. मिठातलं क्लोराइड गंजाच्या क्रियेत खर्ची पडत नाही, ते तिथेच राहतं आणि पुन्हा पुन्हा कामाला येतं. रंगाखाली मिठाचे कण राहिले की ते रंगाच्या थरातूनसुद्धा ओलावा ओढून घेतात आणि मग फोड येतो. म्हणून पुढच्या सगळ्या कामात, प्रत्येक घासणीनंतर, मी विहिरीच्या पाण्याने धुवायचं, फडक्याने टिपायचं आणि हेअर ड्रायरने कोरडं करायचं असा नेम ठेवला. आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, हे नशीब.

काम दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलं. पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की घासलेला पत्रा तासाभरात तांबूस पडतो. मे महिन्यात घामाचा एक थेंब पडला तरी तिथे ठसा उमटतो. दिवाळीच्या सुमारास सकाळी दव असतं आणि दुपारनंतर खारा वारा सुटतो, मधले दहा ते एक हे तीन तास खरे कामाचे. रोज तेवढेच मिळायचे.

सामान फार नव्हतं. ८० नंबरपासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, जाड रबरी ठोकळा, तारेचा ब्रश, ड्रिलला लावायचा तारेचा कप, मास्किंग टेप, थिनर, गंजावर लावायचं रस्ट कन्व्हर्टर, दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, मेटल पेस्ट, गाडीच्या रंगाचा कोड सांगून मिसळून घेतलेला स्प्रेचा कॅन, वरच्या पारदर्शक लॅकरचा कॅन, आणि पोकळीत मारायचं मेण. प्रयोगशाळेतला चष्मा माझा होताच. तो पहिल्या दहा मिनिटांत उपयोगी पडला. ड्रिलवरच्या कपातल्या तारा तुटून सुईसारख्या उडतात, दोन तर माझ्या ॲप्रनमध्ये रुतलेल्या सापडल्या. हे काम कुणी साध्या डोळ्यांनी करू नये.

सुरुवात बॉनेटपासून केली, कारण तिथे चूक झाली तरी परवडली असती. ठिपका मसुराएवढा. १८० नंबरच्या पेपरने घासत गेले तर रंगाखाली लाल रेघ कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली निघाली. ती संपेपर्यंत घासलं तेव्हा उघडा पत्रा पाच रुपयांच्या नाण्याएवढा झाला होता. तिथे एक गोष्ट लक्षात आली. गाडीच्या अंगावरचा सगळा रंग, म्हणजे कारखान्यातला तळाचा विद्युत-लेप, प्रायमर, रंग आणि लॅकर मिळून, मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग असतो. कडेचा उतार बोटाला लागेनासा होईपर्यंत घासायचं म्हटलं की नाण्याएवढ्या जागेभोवती तळहाताएवढी जागा लागते. काका म्हणाले होते ते खरं झालं, मोठंच होत गेलं. पण खाली पत्रा पांढरा, घट्ट, एकही खड्डा नाही. दोन दिवसांत ती जागा प्रायमरपर्यंत आली.

कमानीचं काम वाईट होतं. जुनी मेटल पेस्ट पेचकसाच्या टोकाने उचकटली, तर वीतभर लांबीचा एकच तुकडा निघाला, बिस्किटासारखा. त्याच्या मागच्या बाजूला गंजाची खपली जशीच्या तशी चिकटून आलेली. पेस्ट भरणाऱ्याने खालचा गंज काढलाच नव्हता. पॉलिस्टरची पेस्ट पाणी शोषते. रंगाला कुठे बारीकशी चीर गेली की ती स्पंजासारखी ओल धरून बसते, आणि तीही नेमकी उघड्या लोखंडाला चिकटून. अण्णांनी पैसे देऊन जे करून घेतलं त्याने चार वर्षं गंजाला ओलं अंथरूण मिळालं. तो तुकडा मी फेकला नाही. वर्गात दाखवायला ठेवला आहे.

इथे तारेच्या कपाने मला फसवलं. दहा मिनिटं फिरवल्यावर जागा काळी, चकचकीत, एकदम स्वच्छ दिसायला लागली. हात फिरवला तर गुळगुळीत. काकांनी जवळून बघितलं आणि त्यांच्या घरून एक टोकदार खरवडणी आणली. तिचं टोक त्या चकचकीत भागावर दाबलं, तर काळी खपली कट्कन उडाली आणि खाली खड्डा, तळाशी लाल. तारेने गंज निघत नाही, बऱ्याचदा त्याला नुसती पॉलिश होते. मग ८० नंबरचा पेपर बोटाला गुंडाळून एकेक खड्डा कोरत बसले. ग्राइंडर लावायचा मोह झाला, पण गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. डिस्क एका जागी जरा रेंगाळली की पत्रा तापून लाटेसारखा वाकतो, आणि तो मग सरळ होत नाही. कमानीवर तीन सकाळी गेल्या. शेवटी काही खड्ड्यांच्या तळाशी सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उरले, ते कशानेच निघेनात.

आता दार. त्याची मला भीती होती, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं.

बाहेरून घासण्याआधी आतून बघायचं ठरवलं. काच वरखाली करायच्या हँडलमागे एक बारीक क्लिप असते. हँडल आणि दाराच्या मधे सुती फडक्याची पट्टी घालून ती करवतीसारखी पुढेमागे ओढली की क्लिप उडून बाहेर येते. दुसरं फडकं खाली अंथरून ठेवलं होतं, म्हणून सापडली. आतलं अस्तर निघालं, त्यामागचा काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लास्टिकचा कागद हलक्या हाताने सोडवला आणि टॉर्च आत धरला.

दाराच्या तळाशी चार बोटं उंच माती होती. ओली, दाट, काळी. चमच्याने उकरून वर्तमानपत्रावर काढली तेव्हा त्यात काय आहे ते कळलं. सुरूच्या काड्या. सुरूचं पान म्हणून आपण ज्याला हात लावतो ती सांध्यासांध्यांची हिरवी काडी, वाळली की त्या सांध्यांवर तुटून तिचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे होतात. काचेच्या बाहेरच्या कडेचं रबर म्हातारं होऊन काचेपासून सुटलं होतं. पावसाच्या पाण्याबरोबर ते तुकडे आत उतरत राहिले. दारात पाणी जाणं हा दोष नाही. प्रत्येक गाडीच्या दारात काचेवरून पाणी उतरतंच, आणि ते बाहेर जायला तळाच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. या दाराला तीन होती. तिन्ही सुरूच्या काड्या आणि वाळूने अशी बुजली होती की बाहेरून ती भोकं आहेत हेही मला कधी दिसलं नव्हतं. दर पावसाळ्यात दार आतून डबक्यासारखं भरत होतं, आणि पावसाळा संपल्यावरही ती माती दिवाळीपर्यंत ओली राहत होती.

अण्णा गाडीला फार जपायचे. जूनपासून गाडीवर ताडपत्री, खाली दोऱ्या करकचून बांधलेल्या. वारा शिरायला फट नाही. पाऊस उघडला तरी ताडपत्री काढायचे नाहीत, झाडाचा चीक पडेल म्हणून. आत उकडलेल्या हवेत पाण्याला जायला जागाच नव्हती. मला ते पाठमोरे, दोऱ्या बांधताना दिसले. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि घरात रसायन शिकवणारी मी होते. वर्तमानपत्रावरची ती माती बराच वेळ मी तशीच ठेवली होती.

दाराचा बाहेरचा पत्रा तळाशी आत दुमडून आतल्या पत्र्यावर दाबलेला असतो. त्या घडीतच सगळं झालं होतं. घडीत ऑक्सिजन पोचत नाही, पाणी आणि मीठ पोचतं. प्रयोगशाळेतल्या थेंबाचा निळा मध्यभाग म्हणजे ही घडी. बाहेरून खरवडलं तेव्हा हरभऱ्याच्या डाळीएवढ्या फोडाच्या जागी अंगठा जाईल एवढं भोक पडलं. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पत्रा कागदासारखा झालेला, पेचकसाच्या मुठीने ठोकलं की टणटण न वाजता भद्द वाजायचा. घरगुती कामाची हद्द तिथे संपली. भोकावर जाळी लावून पेस्ट भरता येते, लोक भरतात. पण आत्ताच तसला एक तुकडा मी कमानीवरून काढला होता.

मिरकरवाड्याच्या रस्त्याला पत्र्याचं काम करणारे एक जण आहेत, मासळीच्या टेम्पोंची कामं करतात. बर्फाचं खारं पाणी ज्या गाड्यांच्या पोटातून रोज गळतं, त्या गाड्या त्यांच्या हाताखालून जातात, म्हणून मला तिथेच जावंसं वाटलं. त्यांनी आधी बॅटरीची तार सोडली, मग कुजलेला भाग स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापला. माझ्या अंदाजाच्या दुप्पट निघाला. नव्या पत्र्याची पट्टी घडी करून बसवली आणि सीओटू वेल्डिंगने एकेक टिपका देत जोडली. एक टिपका इथे, दुसरा पार तिकडच्या टोकाला, मधे ओल्या फडक्याने गार करणं. सलग ओढलं असतं तर पत्रा वाकला असता. भोकांचं मी सांगायच्या आतच त्यांनी जुन्या जागा मोजून नवी भोकं पाडली. दोन तासांचं काम. मी तिथेच स्टुलावर बसून बघितलं.

आता कमानीच्या खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांकडे. त्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. मी आणलं ते टॅनिक आम्लाचं. ब्रशने लावलं तेव्हा दुधट होतं, वीस मिनिटांत जांभळं आणि मग निळसर काळं झालं. हा रंग मी लहानपणापासून बघत आले आहे. आई विळीवर केळफूल चिरायची, तेव्हा पातं आणि तिची बोटं अशीच काळी व्हायची. केळफुलातलं टॅनिन आणि विळीचं लोखंड. हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे टाकून काळी शाई व्हायची, तीही हीच क्रिया. गंजाचं टॅनेट झालं की ते पाण्यात सहजी विरघळत नाही आणि जागचं हलत नाही. पण एवढंच. स्वच्छ पत्र्यावर ते काही करत नाही आणि जाड खपलीच्या तळापर्यंत पोचत नाही. खरवडण्याचा कंटाळा म्हणून ते वापरायचं नसतं. जे खरवडून निघालंच नाही, त्या उरल्यासुरल्यासाठी ते आहे.

दुसरा प्रकार फॉस्फरिक आम्लाचा, तो गंजाचं फॉस्फेट करतो. दिल्लीला मेहरौलीचा सोळाशे वर्षं जुना लोहस्तंभ उघड्यावर उभा आहे, त्यामागेही फॉस्फरसच आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण बरंच आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ रक्षक थर तयार होतो, असं आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. दिल्लीची हवा तुलनेने कोरडी, हेही त्या स्तंभाच्या पथ्यावर पडलं. तो भाट्याच्या किनाऱ्यावर उभा असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी मुलांना नेहमी विचारते. फॉस्फरिक आम्ल मी मुद्दाम टाळलं, कारण ते नीट धुतलं गेलं नाही तर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही, आणि खड्ड्यांतून ते पूर्ण धुवून निघेल याची मला खात्री नव्हती.

चोवीस तास वाळू दिल्यावर इपॉक्सी प्रायमर. दोन डबे, सांगितलेल्या मापानेच मिसळायचे, डोळ्याच्या अंदाजाने नाही. मी प्रयोगशाळेतला मोजपात्राचा प्याला घेतला. आमच्याकडे गेटला, गजाला लावतात तो रेड ऑक्साइड इथे घेतला नाही. तो स्वस्त आणि लावायला सोपा आहे, पण त्यातून ओलावा झिरपतो आणि त्यावर मारलेला स्प्रेचा थिनर त्याला उचलून सुरकुत्या पाडू शकतो. इपॉक्सीचे दोन हात ब्रशने दिले. दाराच्या घडीत, कमानीच्या आतल्या बाजूला, वेल्डिंगने आतून जळालेल्या जागीही, जिथे जिथे हात पोचला तिथे तिथे. हा थर मारताना मला पहिल्यांदा हायसं वाटलं. आता पत्रा झाकला गेला होता.

मेटल पेस्ट त्याच्या वर, आणि ती फक्त कमानीचे खड्डे आणि दाराच्या जोडाच्या रेघा बुजवण्यापुरती. लिंबाएवढ्या पेस्टला हरभऱ्याएवढं हार्डनर, रंग सगळीकडे सारखा गुलाबी होईपर्यंत मळायचं, आणि पाच-सात मिनिटांत लावून मोकळं व्हायचं. पहिल्यांदा मी मोठा गोळा घेतला, अर्धा लावेपर्यंत उरलेला दगड झाला. नंतर थोडं थोडं घेतलं. घासताना पाणी लावलं नाही, कारण उघडी पेस्ट पाणी पिते, हे आता मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. रबरी ठोकळ्याला १२० नंबरचा पेपर गुंडाळून तिरकं घासायचं, मग १८०, मग ३२०. उंचवटा डोळ्याला दिसत नाही, डोळे मिटून तळहात फिरवला की कळतो. काका खुर्ची टाकून बसायचे आणि मधूनमधून नुसतं "अजून" म्हणायचे.

रंगाची मला काळजी नव्हती आणि तिथेच सगळ्यात जास्त चुकलं. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. रंग ओलसर बसला की ते कण खाली बुडतात आणि जागा काळपट दिसते. कोरडा, लांबून मारला की कण वर राहतात आणि जागा पांढरट दिसते. एकाच कॅनमधून दोन वेगळे रंग निघतात. अंगणात दोऱ्या बांधून जुन्या साड्या चारी बाजूंनी सोडल्या होत्या, तासभर आधी सडा घालून धूळ बसवली होती, सगळं नीट होतं, पण मी कॅन जवळ धरला. दार सुकल्यावर तळाला एक गडद पट्टा दिसायला लागला, जसं काही दार अजून ओलंच आहे. दुसऱ्या दिवशी तो ६०० नंबरने पाण्यात घासून काढला. मग आधी जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर सराव केला. वीतभर अंतर, हात पत्र्याला समांतर, कॅन दाराच्या बाहेरच सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या अर्ध्यावर चढवायची, आणि दोन हातांमध्ये दहा मिनिटं थांबायचं. तीन पातळ हात. मास्किंग टेपची कड दाबून न बसवता उलटी गुंडाळून ठेवली, म्हणजे रंगाला धारदार रेघ येत नाही, तो विरत जातो.

वर पारदर्शक लॅकर. हार्डनर घालायचं दुहेरी लॅकर जास्त टिकतं, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. ते काम योग्य मास्क आणि हवेची सोय असलेल्या पेंटरचं. मी साधं एकेरी लॅकर मारलं आणि ते थोडं लवकर झिजेल हे मान्य केलं. पंधरा दिवस गाडी तशीच ठेवून मग १५०० आणि २००० नंबरने पाण्यात घासलं, रबिंग कंपाउंडने चकाकी आणली. बॉनेटची जागा आता मलाही सापडत नाही. दाराची तळकड तिरक्या उन्हात एक छटा वेगळी दिसते. बाकी कुणाला दिसत नाही, मला दिसते, आणि मला ती आवडते.

दाराच्या आत लांब नळी घालून घडीच्या कडेकडेने मेण फवारलं. ते घडीत झिरपतं आणि चिकट राहतं. गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारायचा सल्ला दोघातिघांनी दिला. आमच्या भागात तशी पद्धत आहे, पण त्याने रबरी बुश फुगतात आणि पावसात ते सगळं अंगणात, तिथून विहिरीकडे जातं. मी नाही मारलं. काचेच्या कडेचं रबर चारी दारांना नवीन बसवलं. तो प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवला. राहिली तीन दारं, तीही उघडून बघितली. त्यांच्यातही माती होती, पण पत्रा वाचला होता. भोकं साफ करायला पेचकस किंवा तार घातली तर रंग खरवडतो, म्हणून खराट्याची एक हीर वापरली. ती वाकते आणि पत्र्याला ओरखडा काढत नाही. तेव्हापासून एक हीर गाडीच्या कप्प्यात कागदपत्रांबरोबर असते. ताडपत्री काढून टाकली आहे. गाडी आता मांगराच्या पत्र्याखाली उभी असते, वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा.

जूनमध्ये मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री आला. सकाळी साडेसहाला कॉलेजला नेण्यासाठी गाडी बाहेर काढली आणि फाटकापाशी थांबवली. काचेवरून पाणी धो धो उतरत होतं. छत्री घेऊन खाली उतरले, डाव्या मागच्या दारापाशी वाकले. तळकडेच्या तीन भोकांतून तीन धारा लागल्या होत्या, करंगळीएवढ्या जाड, स्वच्छ पाण्याच्या. काका त्यांच्या पडवीत चहा पीत होते. तिथूनच ओरडून विचारलं, "गळतंय?"

"गळतंय, काका."

"मग जा आता, उशीर होईल."